बर्फाचा ट्रे : बायपासनंतरच्या रक्तक्षयाचं एक प्रकरण

त्या आल्या होत्या साखरेसाठी. वय ४१, शाळेत शिक्षिका. दोन वर्षं पाच महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास झालेली. तेव्हाचं वजन ११२ किलो, आताचं ७१. सहा वर्षांचा मधुमेह शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या महिन्यातच गोळ्यांवाचून ताब्यात आला होता आणि वजनापेक्षा त्यांना त्याचंच अप्रूप जास्त होतं. आता मात्र एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ५.८ वरून ६.९ वर गेली होती. दुसऱ्या दवाखान्यात ‘मधुमेह परत आला’ असं सांगून मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी, सुरू झालं होतं. दोन महिने गोळी घेऊनही आकडा जागचा हलला नव्हता.

“एवढं सगळं करून परत तिथेच आले ना, डॉक्टर?” हे त्यांचं पहिलं वाक्य.

(ओळख पटेल असे तपशील इथे ठेवलेले नाहीत. माझी एक चूक मात्र मुद्दाम ठेवली आहे.)

मी ग्लुकोमीटरची वही मागितली. शिक्षिकेची वही, त्यामुळे तारखा, वेळा, समास, सगळं व्यवस्थित. उपाशीपोटी ८४ ते ९६. जेवणानंतर दोन तासांनी एकदाही १३० च्या वर नाही. वही एक सांगत होती आणि प्रयोगशाळेचा कागद दुसरंच. असं झालं की माझा पहिला संशय रुग्णावर नाही, तपासणीवर जातो. एचबीएवनसी साखर थेट मोजत नाही. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. लोह कमी पडलं की नव्या पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि जुन्या पेशीवर साखर चढायला जास्त दिवस मिळालेले असतात. साखर वाढलेली नसतानाही आकडा वाढतो.

म्हणून खालची पापणी ओढून पाहिली. आतली कड लाल हवी, ती जवळजवळ पांढरी होती. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा, नखं सपाट.

धाप लागते का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, पहिल्या मजल्यावर थांबून फळ्यावरच्या सूचना वाचते.” सूचना वाचायच्या नसतात, श्वास घ्यायचा असतो. केस गळत होते. रात्री अंथरुणात पाय स्थिर राहत नव्हते, उठून चकरा माराव्या लागत. यातलं एकही त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं. “बारीक झालं की थोडा अशक्तपणा येणारच ना?” या एका समजुतीखाली त्यांनी दीड वर्ष ढकललं होतं. वजन कमी केलेल्या माणसाच्या मनात हा हिशेब फार पक्का बसलेला असतो. एवढं मिळालं, तर थोडं सोसायला नको का! त्यामुळे हे लोक तक्रार घेऊन येतच नाहीत. येतात ते दुसऱ्याच कामासाठी.

शेजारच्या खुर्चीवरून यजमान हळूच म्हणाले, “बर्फाचं सांग ना.”

बाई लाजल्या. मग कळलं की रोज संध्याकाळी फ्रीजमधले बर्फाचे दोन ट्रे संपतात. पाण्यात टाकून नव्हे, दाताखाली फोडून. शाळेत थर्मासमधून खडे जातात, मधल्या सुट्टीत तो रिकामा होतो. कडकड आवाज नको म्हणून बाई स्टाफरूमच्या खिडकीशी पाठ करून उभ्या राहतात. एका दाढेचा टवका उडाला होता, दंतवैद्याला मात्र ‘कठीण काहीतरी चावलं’ असं सांगितलं होतं. अन्न नसलेली वस्तू खावीशी वाटणं याला पिका म्हणतात; बर्फाच्या ओढीला पॅगोफेजिया असं वेगळं नाव आहे. का होतं हे नीट उलगडलेलं नाही. पण लोहाच्या कमतरतेशी त्याचं नातं इतकं जवळचं आहे की बायपास झालेला माणूस बर्फ फोडतो म्हटल्यावर मी रिपोर्ट येईपर्यंत थांबत नाही, मनातल्या मनात निदान करून टाकतो.

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ८.४, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, ५. ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या किती जागा भरलेल्या आहेत ते, ६ टक्के. २० च्या वर हवं. बी१२ १६८, ड जीवनसत्त्व १७, दोन्ही कमी. फोलेट आणि तांबं ठीक. तांबं मुद्दाम पाहिलं, कारण बायपासनंतर तेही कमी पडू शकतं, आणि मग कितीही लोह घातलं तरी रक्त वाढत नाही.

एका आकड्यापाशी थांबायला हवं. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, ८३ होतं. अगदी नॉर्मल. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. आणि पेशी लहान नाहीत म्हणून लोह कमी नाही, हा उलटा निष्कर्षही तितक्याच सहजपणे निघतो. इथे बी१२ सुद्धा कमी होतं. बी१२ च्या कमतरतेत पेशी मोठ्या होतात. लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी काढली की मधला साळसूद आकडा मिळतो. खरं सांगणारा आकडा शेजारीच होता, आरडीडब्ल्यू २१, म्हणजे पेशींच्या आकारात प्रचंड तफावत. काचपट्टीवर तर दोन वेगवेगळ्या माणसांचं रक्त मिसळल्यासारखं दिसत होतं.

जुनी फाइल

शस्त्रक्रियेआधीचं हिमोग्लोबिन ११.८ आणि फेरिटिन ५२. फाइलवर शेरा, ‘समाधानकारक’. मला हा शेरा पटत नाही. फेरिटिन हे लोहाच्या साठ्याचं माप खरं, पण शरीरात दाह असला की तेही वाढतं, आणि लठ्ठपणात मंद दाह कायम चालू असतो. त्यांचं सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्ततपासणी, तेव्हा वाढलेलं होतं. म्हणजे ५२ मधले किती खरे आणि किती दाहाचे, हे सांगता येत नव्हतं. हिमोग्लोबिन आधीच १२ च्या खाली होतं. त्यांचा रक्तक्षय शस्त्रक्रियेनंतर सुरू झाला असं म्हणण्यापेक्षा तो शस्त्रक्रियेच्या खोलीत त्यांच्याबरोबरच गेला होता, असं म्हणावं लागेल.

सहा महिन्यांनी ११.६, वर्षाने ११.१. मग पुढे कागदच नाहीत. वजन उतरलं, साखर उतरली, बरं वाटतंय तर कशाला जायचं? वर्षानंतरही दरवर्षी लोहाची तपासणी करत राहायची असते, ती राहून गेली.

आत काय झालं होतं तेही सांगतो, कारण रुग्णाला ते कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात आणि लहान आतड्याचा खालचा भाग वर आणून तिला जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि ड्युओडिनम, म्हणजे आतड्याचा पहिला तुकडा, टाळून थेट पुढे जातं. लोह शोषलं जातं ते मुख्यतः याच टाळलेल्या तुकड्यात आणि त्याच्या लगतच्या भागात. शिवाय धान्य-भाज्यांतलं लोह आतड्याच्या पेशीत शिरायला आधी फेरिकचं फेरस व्हावं लागतं, त्याला जठरातलं आम्ल मदत करतं, आणि त्या चिमुकल्या पिशवीत आम्ल जेमतेमच तयार होतं. म्हणजे गाडी ज्या स्टेशनवर थांबायची तेच वगळलं, आणि उतरणाऱ्याचं सामानही हलकं करून दिलं नाही. स्लीव्ह या वजन कमी करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत ड्युओडिनम शाबूत राहतं, पण जठराचा बराच मोठा भाग काढून टाकल्याने आम्ल कमी होतं. तिथेही लोह घसरतं, सहसा जरा सावकाश.

निरोगी माणूस दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतो. लाल पेशी बनवायला रोज लागणारं २० मिलिग्रॅमच्या आसपासचं लोह मोडलेल्या जुन्या पेशींमधूनच परत वापरलं जातं. या काटकसरीमुळे शोषण बंद पडलं तरी महिनोन् महिने काही कळत नाही. तेवढ्यात रक्त बाहेर जाणारी वाट उघडी असेल तर मात्र हिशेब झपाट्याने फसतो.

पिशवी

“गोळ्या नियमित घेते,” असं त्या ठामपणे म्हणाल्या, आणि ते खरं होतं. मी पुढच्या वेळी सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या आणि आदल्या दिवशी कोणती किती वाजता घेतली ते लिहून आणायला सांगितलं. माझ्या मते या आजारात ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे, आणि तिला सुई लागत नाही.

वहीच्या पानावर एकच ओळ होती : सकाळी ६.४५, चहाबरोबर, सगळ्या.

सगळ्या म्हणजे लोहाची गोळी, कॅल्शियमची मोठी गोळी, मल्टिव्हिटॅमिन, मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची पँटोप्रॅझोल. एका तळहातावर पाच गोळ्या, दुधाच्या चहाचे दोन घोट, की दिवसभर मोकळ्या. कॅल्शियम लोहाला अडवतं, म्हणून दोघांमध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं. चहातली टॅनिन्स लोहाला बांधून ठेवतात. पँटोप्रॅझोल उरलंसुरलं आम्लही संपवतं. जोडाच्या जागी व्रण होऊ नये म्हणून ती सुरुवातीचे काही महिने देतात, पण ‘आता थांबवा’ असं कुणी न म्हटल्यामुळे ती एकोणतीस महिने चालू होती. लोहाची गोळी तरी कसली? पोट बिघडतं म्हणून बदलून घेतलेली, आवरण घातलेली, हळूहळू विरघळणारी. साध्या आतड्यातसुद्धा अशी गोळी विरघळेपर्यंत शोषणाची जागा मागे पडते. इथे तर ती जागा वाटेतच नव्हती. आणि मेटफॉर्मिन, जे मुळात लागतच नव्हतं, ते बी१२ आणखी खाली ओढणारं औषध.

आळस असा कुठेच नव्हता. एकोणतीस महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता. सुट्टी देताना दिलेल्या कागदावर ‘लोह रोज, कॅल्शियम रोज’ असंच लिहिलेलं होतं, आणि त्यांनी अक्षरशः तेच केलं होतं.

माझी सहा आठवड्यांची चूक

मेटफॉर्मिन थांबवलं. बी१२ इंजेक्शनने सुरू केलं, कारण ते शोषायला जठरात तयार होणारा इन्ट्रिन्सिक फॅक्टर लागतो आणि ते जठर आता वाटेत नव्हतं. ड जीवनसत्त्व दिलं. पँटोप्रॅझोल हळूहळू कमी करत थांबवलं. कॅल्शियम सायट्रेट दुपारी आणि रात्री. लोहासाठी साधी फेरस सल्फेटची गोळी, जिच्यात शुद्ध लोह ६५ मिलिग्रॅम असतं, एका दिवशी दोन, क जीवनसत्त्वाबरोबर, उठल्या उठल्या. चहा त्यानंतर तासाभराने. आणि तीही एक दिवसाआड.

एक दिवसाआड का? २०१७ साली स्वित्झर्लंडमधून आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की लोहाची गोळी घेतली की यकृतातून हेपसिडिन हे संप्रेरक वाढतं, ते सुमारे दिवसभर आतड्याचं दार ओढून धरतं, आणि म्हणून रोज घेण्यापेक्षा दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. फार सुरेख काम आहे. मी ते बऱ्याच रुग्णांत वापरतो. पण ज्या स्त्रियांवर तो अभ्यास झाला, त्यांचं ड्युओडिनम जागेवर होतं. माझ्या रुग्णाचा अडथळा हेपसिडिनचा नव्हताच. फेरिटिन ५ असताना हेपसिडिन तसंही तळाला गेलेलं असतं. दार उघडंच होतं, पण वाट त्या दारावरून जात नव्हती.

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ८.७, फेरिटिन ७. एमसीव्ही ८३ वरून ७६ वर उतरलं. आकडा बिघडलेला पाहून त्या घाबरल्या, पण मला तो पटला : बी१२ मिळाल्यावर मोठ्या पेशी बनायच्या थांबल्या आणि त्यांच्याआड लपलेली लोहाची तूट उघडी पडली. पोटात गोळे, बद्धकोष्ठता, काळं शौच, हे सगळं सोसून पदरात पडलं ०.३. गोळी लागू पडत असेल तर तीन-चार आठवड्यांत एक ते दोन ग्रॅमची वाढ दिसायला हवी. बायपास झालेल्या, ८.४ हिमोग्लोबिन असलेल्या, जिना चढताना थांबणाऱ्या बाईला मी थेट शिरेतून लोह द्यायला हवं होतं. गोळ्यांची वेळ सुधारण्याच्या उत्साहात मी गोळीवरच फार विश्वास ठेवला. वेळापत्रक बरोबर करणं गरजेचं होतं, पण ते तूट भरायला नव्हे, भरलेलं टिकवायला.

रक्त जातंय कुठे

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला होता, पण अर्धवट. ‘पाळी नियमित आहे का?’ ‘हो, आता अगदी नियमित.’ मी पुढे गेलो. ‘आता’ या शब्दावर मी थांबायला हवं होतं.

वजन जास्त असताना पाळी तीन-चार महिन्यांतून एकदा यायची. वजन उतरल्यावर बीजांडकोश पुन्हा कामाला लागले आणि पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी येऊ लागली. घरात सगळ्यांना आनंद झाला, शरीर रुळावर आलं म्हणून. पण ती सात दिवस चालायची, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागायचं, गाठी जायच्या. वर्षाला तीन-चार वेळा जाणारं रक्त आता तेरा वेळा जात होतं, तेही ज्या शरीरात लोह आत यायची वाट बंद झालेली होती त्याच शरीरातून. शस्त्रक्रियेच्या यशानेच ही गळती सुरू केली होती.

आणि पाळीच्या वेदनेसाठी दर महिन्याला चार दिवस पेनकिलर. बायपासनंतर आयबुप्रोफेनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या असतात, कारण जोडाच्या जागी व्रण होऊन तिथून रक्त झिरपू शकतं. म्हणून दुर्बीण टाकून पाहिलं. व्रण नव्हता, जठरात व्रण करणारा हेलिकोबॅक्टर हा जंतूही सापडला नाही (ही तपासणी ॲसिडिटीची गोळी चालू असताना फसवी ठरते, म्हणून ती बंद केल्यावर केली). पण एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी : नेहमीची दुर्बीण वगळलेल्या जठरापर्यंत आणि ड्युओडिनमपर्यंत पोचत नाही. म्हणून ग्लुटेनच्या आजारासाठी तिथला तुकडा घेण्याऐवजी रक्ताची तपासणी केली, ती ठीक आली.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली, एक छोटा फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, दिसला. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासला. चाळिशी उलटलेली, पूर्वी वजन जास्त आणि पाळी अनियमित, तेव्हा हे करायलाच हवं. तो निर्धोक निघाला. मग पाळीतला रक्तस्राव कमी करण्यासाठी लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारं साधन गर्भाशयात बसवलं. तोंडाने घ्यायच्या संप्रेरकाच्या गोळ्यांची बायपासनंतर खात्री देता येत नाही, हे एक कारण. आणि आणखी एक गोळी त्या तळहातावर नको होती, हे दुसरं.

सलाईन

किती लोह द्यायचं याचं एक जुनं, सोपं गणित आहे, गान्झोनीचं सूत्र : वजन गुणिले हवं असलेलं आणि असलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक, गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. ७१ किलो, १५ वजा ८.७ म्हणजे ६.३, गुणिले २.४, म्हणजे सुमारे १०७४. त्यात ५०० मिळवले की १५७४ मिलिग्रॅम. दीड ग्रॅमहून थोडं जास्त. संपूर्ण निरोगी शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असतं हे लक्षात घेतलं की तूट केवढी होती ते कळतं.

एक-दोन बैठकांत काम उरकणारं फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे औषध आहे. त्यांना तेच हवं होतं, शाळा बुडत नाही म्हणून. पण ते काही जणांत रक्तातलं फॉस्फेट बरंच खाली आणतं, आणि ड जीवनसत्त्व १७ असलेल्या बायपासच्या रुग्णात ती जोखीम मला घ्यायची नव्हती. फॉस्फेट उतरलं की थकवा येतो, हाडं दुखतात, आणि रुग्णाला वाटतं लोह लागू पडलंच नाही. आम्ही आयर्न सुक्रोज घेतलं, २०० मिलिग्रॅमच्या आठ बैठका, आठवड्यातून दोन, शाळा सुटल्यावर.

तिसऱ्या बैठकीत सुईच्या जागी जळजळ होते म्हणाल्या आणि नर्सने त्याच क्षणी सलाईन थांबवून शीर बदलली. हे तत्परतेने करायचं असतं. औषध शिरेबाहेर झिरपलं तर त्वचेवर चहाच्या डागासारखा तपकिरी डाग उमटतो, तो महिनोन् महिने जात नाही, कधी कधी कायमचा राहतो. एरवी तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव, एवढाच त्रास.

दुसऱ्या बैठकीनंतर बर्फ सुटला. हिमोग्लोबिन अजून फारसं हललेलंही नव्हतं. “ट्रे भरलेला होता आणि मला आठवणच झाली नाही,” असं त्या नवलाने सांगत होत्या. हे असंच होतं; रक्त भरून यायच्या कितीतरी आधी ही ओढ विझते. पायांची वळवळही पंधरा दिवसांत थांबली.

शेवटच्या सलाईननंतर आठव्या दिवशी त्यांनी स्वतःच जाऊन फेरिटिन तपासलं. आकडा आला ४१२. संध्याकाळी यजमानांचा फोन, आवाजात काळजी : “लोह जास्त झालं का? यकृतावर जाईल का?” शिरेतून दिल्यावर पहिले काही आठवडे फेरिटिन फुगलेलं असतं, त्याचा साठ्याशी संबंध नसतो. चार ते आठ आठवडे थांबून मगच बघायचं. ही सूचना मी कागदावर लिहून दिली नव्हती. आता देतो.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.९, आठ आठवड्यांनी १२.३, तीन महिन्यांनी फेरिटिन ९६. एचबीएवनसी आठव्या आठवड्यात ५.१ आली. सगळे खूश झाले, मी थोडा विरस केला. तो आकडाही खोटाच, फक्त उलट्या बाजूने : रक्तात एकदम कोवळ्या पेशींची गर्दी झाली होती आणि त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळाला नव्हता. सहा महिन्यांनी ५.६ आली, तीही मेटफॉर्मिनशिवाय. ती मी मानली. मधुमेह परत आलेला नव्हताच.

नंतरचं

केस सगळ्यात शेवटी आले. लोह भरल्यावर पाच-सहा महिन्यांनी कपाळाशी बारीक, उभे राहणारे केस दिसू लागले, तेव्हा त्यांनी ते मला आरशापाशी नेऊन दाखवले. आधीच्या केसगळतीला एकट्या लोहाला जबाबदार धरणं बरोबर नाही. झपाट्याने वजन उतरल्यावर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतातच आणि ते आपोआप थांबतं. त्यांची गळती दोन वर्षांनंतरही चालू होती, म्हणून संशय घ्यायला हवा होता.

त्यांच्या डोक्यात आणखी एक गुंता होता, तो सलाईनने सुटणारा नव्हता. थकव्यामुळे चालणं बंद झालं होतं, वजन दोन किलोने वाढलं होतं, म्हणून त्या जेवण आणखी कमी करत होत्या. खाणं कमी, प्रथिनं कमी, थकवा आणखी. लोहासाठी जास्त खा म्हटलं की भीती वाटायची की परत ११२. मी त्यांना एवढंच सांगितलं की त्यांच्या आतड्याच्या रचनेत निव्वळ जेवणातून ही तूट भरून निघणार नाही, म्हणून जेवणाकडे लोहासाठी बघूच नका, प्रथिनांसाठी बघा. हे ऐकून त्यांना फार हायसं वाटलं. ‘लोहयुक्त आहार घ्या’ हा सल्ला ऐकून त्या मनातून स्वतःलाच दोष देत आल्या होत्या, आपलंच खाण्यात काही चुकतंय म्हणून.

आता पानावर चार ओळी आहेत. पहाटे लोह, रोज एक, एकटंच. तक्ता सोपा राहावा म्हणून दिवसाआडचा खेळ सोडून दिला. दुपारी कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन. रात्री पुन्हा कॅल्शियम. महिन्यातून एकदा बी१२. वेदना झाली तर पॅरासिटामॉल, दुसरं काही नाही. पाळी आता नावापुरती. एवढं सगळं बरोबर असूनही नऊ महिन्यांनी फेरिटिन ४१ वर आलं. मी त्यांना हे आधीच सांगून ठेवलं होतं : पुन्हा उतरेल, त्यात तुमची चूक नसेल, आणि ते ३० च्या खाली गेलं की हिमोग्लोबिन पडायची वाट न पाहता आपण पुन्हा सलाईन लावू. एका शस्त्रक्रियेने बदललेली वाट गोळीच्या शिस्तीने पूर्ववत होत नाही.

चौदाव्या महिन्यात, तपासणीला अजून तीन आठवडे होते तेव्हा, दुपारी फोन आला. “डॉक्टर, धाप नाही, काही नाही. पण काल मी फ्रीज उघडून बर्फाच्या ट्रेकडे बघत उभी होते. आजही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिलं. हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन १९. मी तीन बैठकांच्या तारखा सांगितल्या आणि त्यांनी पलीकडून वहीत लिहून घेतल्या. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, म्हणून मधली तारीख एक दिवस पुढे ढकलून मागितली.